पोटाचा आकडा

केसरीनाथांनी पिशवीतलं अर्धं मापाच्या भांड्यात ओतलं आणि अर्धं पाण्याच्या रिकाम्या बाटलीत. बाटलीला घट्ट झाकण लावून ती खाटेखाली सारली. मग नर्सला हाक मारली.

"लिवा, तीनशे."

पिशवी त्यांच्या पोटाला चिकटवलेली होती. आतड्याचं ऑपरेशन झालं, आतला एक टाका उसवला, आणि आतड्यापासून थेट कातडीपर्यंत वाट पडली. डॉक्टर तिला फिस्टुला म्हणत. जे खालून जायचं ते पोटावरून येऊ लागलं. डॉक्टर यामिनींनी सरळ सांगितलं होतं, "दिवसाला पाचशे मिलीच्या वर राहिलं तर अवघड. दोनशेच्या खाली उतरलं तर बऱ्याचदा भोक आपोआप बुजतं. नाहीतर काही महिन्यांनी पुन्हा ऑपरेशन. तोवर तोंडाने काही नाही. जितकं बाहेर जाईल तितकं आम्ही सलाईनमधून भरणार."

पुन्हा पोट फाडून घ्यायचं नाही, हे केसरीनाथांनी तिथल्या तिथे ठरवलं. आकडा उतरवणं त्यांना नवं नव्हतं. भिवंडीच्या गोदामपट्ट्यातल्या एका गावाचे ते दहा वर्षं सरपंच होते. गाव हगणदारीमुक्त झालं ते त्यांच्याच सहीने, एका दुपारी, जेवणाआधी. एकट्याचं पोट हे त्यामानाने किरकोळ काम.

बाटली टाकायची जबाबदारी बायकोकडे, पार्वतीकडे.

"गुळण्यांचं पानी हाय. संडासात वत."

ती काही न विचारता बाटली घेऊन जायची. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. विचारायची सवय केव्हाच सुटली होती.

आकडा उतरत गेला. अडीचशे. एकशे ऐंशी. सत्तर. सलाईन मात्र त्यामानाने जास्तच चढत होतं. केसरीनाथांनी एकदा कारण विचारलं.

"मॅडमनी सांगितलंय," नर्स म्हणाली आणि सुई नीट केली.

सहाव्या आठवड्यात यामिनी फाईल घेऊन आल्या. भोकाभोवतीची कातडी दाबून पाहिली.

"आज नव्वदच. बुजत आलंय, काका. ऑपरेशन नको. उद्यापासून थोडी पेज."

"नव्वद कसे?" केसरीनाथ कोपरावर उठले. "पंचेचाळीस हायेत. मी सोता मोजलेत."

यामिनींनी फाईल त्यांच्यापुढे धरली. दोन रकाने होते. एकावर 'माप'. दुसऱ्यावर, पार्वतीच्या वाकड्या अक्षरात, 'बाटली'. अगदी पहिल्या दिवसापासून, तीनशे आणि तीनशे. पुढे बेरीज.

"सलाईन बेरजेवर लावत होतो," यामिनी म्हणाल्या. "तुमच्या आकड्यावर लावलं असतं तर आठवडाभरात सुकला असतात."

केसरीनाथ बायकोकडे वळले. "तुला कुनी सांगितलं?"

पार्वती बाटली विसळत होती.

"गाव हगणदारीमुक्त झाल्याचा बोर्ड लावलात ना," ती म्हणाली, "त्याच्याच मागं आम्ही बाया बसायचो. तवापासून तुमचा आकडा मी मोजूनच घेते."