लोंब्याचा माग

"पोरीचं न धुतलेलं काहीतरी दे," नवरा म्हणाला. "लोंब्याला हुंगवायचंय."

लोंब्या दाराशी पसरला होता. लांब कान फरशीवर, हनुवटीखाली लाळेचं थारोळं.

("ब्लडहाउंड म्हटलं की लोक घाबरतात," पिल्लू विकणारा म्हणाला होता. "नाव तेवढं भयंकर हो. मुलांनी अंगावर उड्या मारल्या तरी हूं की चूं करणार नाही.")

"सापडली तर काय करणार?" तिने विचारलं.

"बोलणार. दुसरं काय? पळून जाऊन लग्न करते म्हणजे काय, एवढंच विचारणार."

"मग ती सळई कशाला?"

थोरला मुलगा लोखंडी सळई बाहीत सरकवत होता. "रस्त्यात कुत्री असतात, आई."

बापलेक दोघेही हसले.

ती आतल्या खोलीत गेली. पोरीच्या उशीला तिने हातही लावला नाही. स्वतःच्या उशीचा अभ्रा काढला. लोंब्या हुंगेल, फिरून आपल्याच पायाशी येईल, हे दोघे त्याला शिव्या घालतील. तेवढ्यात संध्याकाळची गाडी निघेल. गाडीत पोरगी असेल, जावई असेल.

तसंच झालं. लोंब्याने अभ्रा हुंगला, उठला, सरळ आला आणि आपलं जड डोकं तिच्या मांडीवर टेकलं.

"घ्या," ती म्हणाली. "नाव मोठं, लक्षण खोटं. जेवायला घालणाऱ्याशिवाय याला कोणाचा वास येतोय?"

"घरात सगळ्यांचेच वास कालवलेत, बाबा," थोरला म्हणाला. "कोपऱ्यावर नेऊन हुंगवू."

("आणि एकदा मागावर लागला की हाका मारू नका. कान एवढे मोठे, पण तेव्हा ऐकायला येत नाही त्याला.")

ती खिडकीत उभी राहिली. पोरगी गेली होती उजवीकडच्या रस्त्याने. कोपऱ्यावर लोंब्याने अभ्रा हुंगला, नाक जमिनीला लावलं आणि डावीकडे वळला.

वळू दे. जा बाबा, कुठेही जा.

लाँड्रीच्या पायरीशी तो थांबला. पायरी हुंगली. परत हुंगली. पुढे निघाला, आता दोरी ताणून, नवऱ्याला ओढत.

त्या पायरीवर सकाळी तिने पिशवी टेकवली होती. जड होती, म्हणून हात बदलायला. पिशवीत पोरीचे कपडे होते.

पिशवी घेऊन ती...

लोंब्या पोरीच्या मागावर नव्हता. तिच्या मागावर होता. सकाळी ती जिथे जिथे पाऊल टाकत गेली तिथे तिथे तो नाक टेकवत चालला होता. लाँड्री. पाण्याची टाकी. बंद गिरणीची भिंत. भिंतीमागे शिंपिणीची खोली, आणि खोलीत पोरगी, एकटी, गाडीच्या वेळेची वाट बघत.

फोन लागला नाही. बंद ठेव म्हणून तिनेच सांगितलं होतं.

ती अनवाणी धावली.

तिने पोरीला आणखीही बजावलं होतं. दार उघडायचं नाही. बापाने गोड आवाजात हाक मारली तरी नाही. भाऊ दाराशी रडला तरी नाही.

लोंब्याबद्दल ती काही बोलली नव्हती.

गिरणीच्या भिंतीला वळसा घातला तेव्हा तिला दार दिसलं. दाराच्या एका बाजूला भिंतीला चिकटून नवरा. दुसऱ्या बाजूला थोरला, बाही रिकामी, सळई हातात. दोघेही गप्प. मधे लोंब्या, पुढचे पाय दारावर, शेपटी हलतेय.

तिने ओरडायला तोंड उघडलं. त्याच क्षणी लोंब्याने मान वर केली आणि आपल्या खर्जातल्या आवाजात लांबलचक, आनंदाची हाक दिली. तिचा आवाज तिच्या स्वतःच्याही कानावर आला नाही.

आतून पोरगी हसली.

"लोंब्या! अरे माझ्या सोन्या, एकटाच आलास? थांब, थांब, उघडते."