ज्याचा आकडा मोठा

“एकशे बासष्ट,” सुंदराने साखर मोजायचं मशीन लांब धरून वाचलं. “आता तुमचं बोट.”

दारात गाय उभी होती. शालिग्राम आधी तिला गुळाचा खडा देऊन आला, पंच्याला हात पुसले आणि बोट पुढे केलं. एकशे एक्क्याण्णव.

“हरलात,” ती म्हणाली. तो चहा टाकायला उठला.

पैज त्यानेच लावली होती. सुंदराच्या पायाच्या अंगठ्याखालची जखम दोन महिने भरत नव्हती. पायावर भार देऊ नका, नाहीतर अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. जेवणातली साखर रक्तातच साचते, शरीराला मिळत नाही, म्हणून जखम भरत नाही, हेही त्यांनी समजावलं. तीस वर्षं लूम चालवलेल्या शालिग्रामला ते लगेच कळलं. सुताचा ढीग दारात, पण मागावर चढवणारा माणूसच नाही. नर्सने मशीन शिकवलं. हात धुऊनच बोट टोचा, नाहीतर आकडा उगाच वाढतो, म्हणाली.

पण सुंदरा बसेल तर ना. नवरा ओट्यापाशी आणि बायको खाटेवर, हे तिला खपत नव्हतं. मग एका सकाळी त्याने स्वतःचंही बोट टोचलं. आकडा तिच्याहून मोठा निघाला. तेव्हाच ठरलं, ज्याचा आकडा मोठा त्याने दिवसभर घरातलं करायचं, दुसऱ्याने उठायचं नाही.

तुम्हीही डॉक्टरांना दाखवा, असा तिने दोन दिवस धोशा लावला. तुझा पाय बरा झाला की जातो, असं तो म्हणत राहिला. तिसऱ्या दिवसापासून तिने तो विषय सोडला.

तो रोज हरायचा. गोडादरा वस्तीतली त्यांची गल्ली अरुंद, सगळ्यांना सगळं दिसायचं. समोरची उषाबाई विचारायची, “शालिग्रामभाऊ, भाकरी गोल झाली का?”

“पोटात गेल्यावर कोण बघतं?” तो म्हणायचा.

खाटेवर बसून सुंदरा हसायची. भाजी निवडायची, पंच्यावरच्या मुंग्या झटकायची, मीठ किती घालायचं ते तिथूनच सांगायची. तिचा आकडा हळूहळू उतरत गेला. त्याचाही उतरला, पण रोज तिच्या थोडा वरच राहिला.

पैजेच्या तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी पट्टी सोडली. जखम भरली होती. अंगठा वाचला. उद्यापासून चप्पल घालून चाला, म्हणाले. रिक्षात सुंदरा सारखी पायाकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा आकडा आला एकशे अठरा. शालिग्राम उठला, डब्यातून गुळाचा खडा काढला आणि दाराकडे निघाला. दारात गाय नव्हती.

“अहो,” सुंदरा पायात चप्पल सरकवत म्हणाली, “आज हात धुऊन बोट टोचा. चहा मला करायचाय.”