एका गोळीचं काडतूस

दुकानदाराने काचेवर दोन काडतुसं ठेवली. "रानात हाका घालणारी माणसं असली की डुक्कर पळत सुटतं, आप्पा. त्याला हे मोठ्या छर्ऱ्यांचं. एकटेच दबा धरून बसणार असाल, तर हे एका गोळीचं. माणसं किती आहेत?"

"वाडीत आता मीच उरलोय."

दुकानदाराने गोळीचं काडतूस पुढे सरकवलं. आप्पांनी ते तळहातावर तोललं. रताळी उकरणारं ते धूड एका बारात पडलं असतं. पण मग उचलून आणायला चौघे हवेत, आणि रिवाजाप्रमाणे घरटी मटणाचा वाटा. तो ठेवायचा कुठे, कुलपांपुढे?

त्यांनी काडतूस परत काचेवर ठेवलं.

"मग डुकराचं काय?"

"खाऊ दे की. एवढी रताळी मला एकट्याला कुठे संपतायत!"