टोकाचं वावर

मल्लिनाथ पाटकऱ्याचा डावा डोळा कायमचा गेला. पण निजामाच्या चाकरीत आंधळा पाटकरी चालत नसल्यामुळं, डोळा गेलाच नाही असं त्यानं ठरवून टाकलं. तलावाचं पाणी पाळीपाळीनं शेतांना सोडायचं, यातच त्याची तीस वर्षं गेली होती.

तरी गुपचूप उस्मानाबादच्या दवाखान्यात जाऊन आला. डॉक्टरांनी बत्ती धरून डोळ्यात बघितलं.

"आप्पा, उमर झाली की रक्ताच्या नळ्या आकसतात. डोळा पडला टोकाला. तिथवर रक्त पोचत न्हाय."

"मग वरून जोरात सोडा की!"

"त्याची चावी माझ्याकडं न्हाय."

परतताना पाटाच्या टोकाला इरम्मा भेटली. तिचं वावर सगळ्यात शेवटी. दर साली ती पाण्यासाठी अर्ज करायची आणि 'टोकापर्यंत पाणी पोचत नाही' असा शेरा मल्लिनाथच मारायचा. आज मात्र तो इतका थकला होता, की 'कुठून आलात?' असं तिनं विचारताच डोळ्याचं खरं सांगून बसला.

करपलेल्या मिरच्या उपटता उपटता इरम्मा म्हणाली, "मंग अर्ज करा की, आप्पा. माझा कागद मला तोंडपाठ हाय. म्या सांगते, तुम्ही लिवा."

मल्लिनाथ खरंच लिहायला बसला.

 

"मेहेरबान तहसीलदार साहेब, अर्जदाराचा डोळा टोकाला असल्यानं कोरडा पडला आहे. तरी आठवड्यातून निदान एक पाळी मंजूर व्हावी. आणि हा अर्ज चौकशीसाठी पाटकऱ्याकडे पाठवू नये, ही नम्र विनंती."