अर्धा पेला

ताश्कंदमध्ये जर्दाळू फुलले होते. मुअत्तरची आई थंडीतच गेली होती. प्रयोगशाळेतला यांत्रिक हात चहा ओतायला शिकत होता.

मुअत्तरने त्याला पेला काठोकाठ भरायची आज्ञा दिली. हात अर्ध्यावर थांबला.

"तुझ्यापेक्षा त्यालाच रीत कळते गं," सोबत शिकणारा बोतीर हसला. "अर्धा पेला म्हणजे बसा अजून. भरलेला म्हणजे उठा आता."

तिने सगळ्या आज्ञा पुसल्या आणि रिकामा पेला पुढे धरला. हात आपणहून हलला. अर्धाच ओतून आईच्या मनगटासारखा थरथरला.

"चल, कुलूप लावायचंय," बोतीर दारातून म्हणाला.

"हा एवढा पिते," म्हणत तिने पुन्हा पेला पुढे केला.

ती विद्यापीठात यायला निघाली त्या सकाळी आईने तिचा पेला काठोकाठ भरला होता.