आधी चिता, मग हळद

“आधी फर्मे जुळव, बेटा. सुई मग.” अब्बांचा आवाज महेबूबभाईंच्या कानात उतरला. अब्बा जाऊन तीस वर्षं झाली होती. सोळा-सोळा पानांच्या घड्या, म्हणजे फर्मे, पुढ्यात मांडून ते म्हणायचे, “एक पान जरी आपल्या हातनं मागंपुढं झालं, तर लिहिणाऱ्याला काय तोंड दाखवायचं?”

आज तो आवाज नको होता. महेबूबभाई पंचवटीतल्या वाचनालयात बांधून झालेली मासिकं पोचवायला आले होते. पण रविवारची सभा भरली होती, खुर्च्यांनी वाट अडली होती, आणि कुणीतरी त्यांना दाराशी स्टुलावर बसवलं होतं.

फळ्यावर विषय लिहिला होता : आजवरचं सगळ्यात थोर पुस्तक कोणतं, आणि का?

“जे वाचता वाचता भाजी करपते, ते,” नवसाबाई म्हणाल्या.

“मग आमच्या घरी रोजच थोर पुस्तक असतं,” शेजारून त्यांचे यजमान मल्हारीतात्या म्हणाले. सभा हसली.

मग उज्ज्वलाबाई उठल्या. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना चार वर्षं झाली होती, पण त्या उभ्या राहिल्या की लोक आपोआप सरळ बसत. त्यांच्या हातात वाचनालयाचं निळ्या कापडी पाठीचं पुस्तक होतं. महेबूबभाईंनी आपली बांधणी लांबूनच ओळखली, आणि मान खाली घातली.

“रडू तर कोणतंही पुस्तक आणतं,” बाई म्हणाल्या. “यातली भागू आधी मरते. तिची चिता विझते. आणि मग शेवटच्या प्रकरणात तिची हळद येते. सगळ्या गावाचे हात पिवळे. भागू हसतेय, आणि पुढचं फक्त आपल्याला ठाऊक. आधी चिता, मग हळद! एवढं धाडस कुणी केलंय? अठरा वर्षं मी वर्गात हेच सांगितलं.”

टाळ्या पडल्या. दिनेश तेवढा टाळ्या न वाजवता उभा राहिला. तो आता कॉलेजात मराठी शिकवत होता, आणि एकेकाळी बाईंच्याच वर्गात बसलेला होता.

“बाई, तुमच्यामुळेच हे पुस्तक मी शोधत होतो. येवल्याला मामांच्या माळ्यावर सापडलं.” त्याने पिशवीतून पिवळी पडलेली प्रत काढली. “यात आधी हळद आहे, बाई. मग चिता. पुस्तक चितेपाशीच संपतं.”

“बाईंनी मागून पुढं वाचलं की काय?” मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. हसू फुटलं.

बाईंनी पुस्तक उघडलं. पानांचे आकडे शोधायला बोट खाली गेलं. खालची कड अगदी अक्षरांपाशी कापलेली होती. आकडे नव्हतेच.

“म्हणजे अठरा वर्षं मी पोरांना...” त्या खुर्चीत बसल्या. चष्मा काढला, आणि तो कुठे ठेवावा हे त्यांना सुचेना.

महेबूबभाई उठले. स्टूल करकरलं.

“बाईंची काही चूक नाय,” ते म्हणाले. “बांधणी माझी आहे. फर्मे मागंपुढं लागले माझ्या हातनं.”

सगळ्या माना दाराकडे वळल्या. महेबूबभाईंनी नाशकात चाळीस वर्षं पुस्तकं बांधली, एक पान कधी चुकलं नव्हतं. हे तिथे बसलेल्या बहुतेकांना ठाऊक होतं, आणि त्यांना स्वतःलाही.

“मग थोर कोण म्हणायचं?” मल्हारीतात्यांनी विचारलं. “लिहिणारा की शिवणारा?”

या वेळी सगळेच हसले. चष्मा पुसता पुसता बाईंनाही हसू आलं. दिनेश पुढे येऊन त्यांच्या पायाशी वाकला. “खरं सांगू, बाई? माझी प्रत मी दोनदा वाचली. दोन्ही वेळा मनात शेवट तुमचाच येत होता.”

“ऊठ,” बाई म्हणाल्या. “सगळ्यांपुढं बोलायच्या आधी फोन करायचास, गाढवा.” आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्या बराच वेळ तशाच राहिल्या.

सभा उठली. महेबूबभाई पायरीवर चपला शोधत होते. बाई पुस्तक उघडून तिथे आल्या. मघापासून त्या पानं उलटत होत्या.

“महेबूबभाई, फर्मा चुकला असता, तर एखादं वाक्य मधेच तुटलं असतं. इथं एकही तुटलेलं नाही. पान न् पान सुटं करून, कागदाची पट्टी लावून बसवलंय.”

त्यांनी एक चप्पल पायात सरकवली. रस्त्यावरून कांदापात भरलेली रिक्षा गेली.

“हे चुकून होत नाही,” बाई हळूच म्हणाल्या.

दाबाखाली ठेवलेलं पुस्तक मोकळं व्हावं, तसे महेबूबभाईंचे खांदे सैल झाले.

“नाही होत,” ते म्हणाले. “माझी बायको, रोशनबी, गेली तेव्हा हे पुस्तक शिवायला आलेलं होतं. शेवट वाचला, बाई, आणि सुई पुढं जाईना. घरात एक मरण होतंच. म्हटलं, या पोरीला तरी हळदीत राहू दे.”