राणीसाहेबांची रोल्स-रॉईस

लेकीच्या लग्नात व्याह्यांना भ्या दाखवायला दौलूतात्या नवरदेवाच्या मिरवणुकीसाठी आणलेल्या जुन्या रोल्स-रॉईसमध्ये दडून बसले. शिकारी राजांनी असल्या गाड्यांना उघडी बॉडी करून घेतली. ही मात्र विलायती कारागिरांनी कुणा संस्थानच्या राणीसाहेबांना पडदा पाळता यावा म्हणून बांधलेली. आतून सगळं जग दिसायचं, बाहेरून काळ्या काचेत फक्त आपलंच तोंड.

व्याही आले आणि काचेत बघून मिशा पिळत तात्यांच्या बायकोला म्हणाले, "विहीणबाई, साखरपुड्याला तात्यांनी माझ्या फेट्यात बेडूक सोडला, ते सोसलं. आज एक जरी चाळा झाला, तर पोरगा घेऊन मी माघारी!"

"नाही हो! लेकीची शपथ घातलीय त्यांना."

तात्यांनी नाक चिमटीत धरलं. उतरावं तर सापडणार, साधी शिंक आली तरी लग्न मोडणार.

एवढ्यात पलीकडचं दार हळूच उघडून मुंडावळ्या बांधलेला जावईच आत शिरला.

"मामा, सरका की," तो कुजबुजला. "बाबांना अस्सा दचकवतो बघा!"

ओरडणार हा, आळ येणार तात्यांवर! जावयानं छाती भरून श्वास घेतला, आणि जन्मात पहिल्यांदाच तात्यांनी मस्करीचं तोंड दोन्ही हातांनी गच्च दाबून धरलं.